अनुदान सरांचा भरगच्च वर्ग

"कॉलेज वाचवायला पैसा लागत नाही, डोकं लागतं! आणि ते या घरात आहे!" असं म्हणून अनुदान सरांनी कप असा काही आपटला की घरातली शेवटची धड बशी दुभंगली.

"डोक्यांचं मला नका सांगू," त्यांची पत्नी तुकडे गोळा करत म्हणाली. "माझ्या विभागात कपाटभर पडली आहेत. एकही धडावर नीट बसत नाही."

सर थबकले. पत्नीकडे टक लावून बघत राहिले. लग्नाच्या वेळीही त्यांनी तिच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"धडं आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहेत की. हात आहेत, पाय आहेत. का हो?"

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं, पण माणसाला पुढचं थोडंच दिसतं!

दोघंही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एकाच कॉलेजात नोकरीला. ती शिवणकाम शिकवायची, म्हणून सगळे तिला शिवणबाई म्हणत. सर अर्थशास्त्र शिकवत. विषय पाण्याच्या गळक्या टाकीचा असला तरी सरकारने कॉलेजांना अनुदान का द्यावं, यावर ते चुटकीसरशी येऊन पोचत, म्हणून ते अनुदान सर. त्यांचे वडील लॉन्ड्रीत परक्या लोकांच्या चादरींना इस्त्री करायचे. त्या काळात कॉलेजची फी इतकी किरकोळ होती की वडिलांनी ती कुरकुर न करता भरली आणि मुलगा प्राध्यापक झाला. "मी म्हणजे सरकारने केलेली गुंतवणूक आहे!" असं सर छाती पुढे काढून सांगत. "आणि फायदा कधी निघणार?" असं शिवणबाई विचारत.

पण हल्ली सरकारने हात आखडता घेतला होता आणि फी वर्षागणिक वाढत होती. ती भरायची म्हणून पोरं पहाटेच्या पाळीला कामावर जाऊ लागली. पहाटे कामावर गेल्यामुळे ती सरांच्या पहिल्या तासाला येईनात. म्हणजे तासाचे पैसे भरायचे म्हणून तासच बुडवायचा! रिकामे बाक सरांना बघवेनात. शेवटी त्यांनी त्यावर आपल्या परीने तोडगा काढला. वर्गात शिरतानाच ते चष्मा काढून खिशात ठेवू लागले. चष्म्याशिवाय त्यांना बाकही धूसर दिसत आणि रिकामेपणही. मग फळ्याकडे तोंड करून ते भरल्या वर्गाला शिकवावं तसं शिकवत.

आणि परवा वरून हुकूम आला. येत्या आठवड्यात केव्हाही, आगाऊ न कळवता, तपासणी अधिकारी पहिल्या तासाला येतील. वर्ग ओस दिसला की अनुदान बंद.

अनुदान बंद म्हणजे फी कुठल्या कुठे जाणार! सरांच्या डोळ्यांपुढे पहिली आली ती पाववाली. शेवटच्या वर्षाची ही मुलगी बेकरीत काम करायची. ती येण्याआधी तिच्या स्वेटरचा वास यायचा, ताज्या गरम पावाचा. तिच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. "सर, एवढं वर्ष काढलं की झालं," ती म्हणाली होती. "पण फी आणखी वाढली तर मात्र मला सोडावं लागेल." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं होतं की सरांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

"पोरांनाच बोलवा की आठवडाभर!" शिवणबाई म्हणाल्या.

"आठवडाभर गेली नाहीत तर कामावरून काढून टाकतील. मग फी कशी भरतील? नाही, नाही. तू पुतळे काढ!"

शिवणबाईंचे पुतळे म्हणजे साधेसुधे पुतळे नव्हते. कपड्यांचं एक मोठं दुकान बंद पडलं तेव्हा मालकाने काचेआडची सगळी मंडळी विभागाला देऊन टाकली होती. पूर्ण उंचीची, कंबरेत आणि गुडघ्यांत वाकणारी, रंगवलेल्या डोळ्यांची. कुणीही कुठेही उभं राहिलं तरी ते डोळे आपल्याकडेच बघतात असं वाटायचं. शिवणबाई स्वतः त्यांच्याकडे पाठ करून कधी टाके घालत नसत.

कॉलेज सुटल्यावर, दुपार कलताना, नवराबायको ती मंडळी वर्गाकडे नेऊ लागली. वीज वाचवण्यासाठी प्राचार्यांनी व्हरांड्यातले एकाआड एक दिवे काढले होते. तरी बिल कमी होईना, म्हणून उरलेल्यांतलेही एकाआड एक काढले. त्या अंधूक व्हरांड्यातून सर पुढे आणि शिवणबाई मागे, मध्ये आडवा पुतळा. एकदा मागून काहीतरी खळकन पडलं.

"काय गं?"

"काही नाही. हात पडला."

"तुझा?"

"माझा पडला असता तर मी इतकी शांत असते का?"

प्रश्न कपड्यांचा होता. तोही सुटला. कॉलेज मध्येच सोडून गेलेल्या पोरांचे स्वेटर, मफलर आणि टोप्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत खोक्यांतून पडून होत्या. न्यायला कुणी परत आलंच नव्हतं. सर एकेक कपडा झटकून पुतळ्यांना घालू लागले आणि हळूहळू त्यांची बडबड थांबली.

"हा निळा त्या उंच मुलाचा," ते म्हणाले. "काय हुशार होता! आणि हा मफलर गाणाऱ्या मुलीचा. कधी यायची बंद झाली ते कळलंसुद्धा नाही."

सगळे कपडे चढवून झाले तेव्हा खिडकीतला उजेड राखाडी झाला होता. सरांनी मागे सरून पाहिलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. वर्ग भरला होता. जे जे गेले होते ते सगळे आपापल्या जागी येऊन बसले होते आणि न हलता फळ्याकडे बघत होते.

"बसा, बसा," सर नकळत म्हणाले.

"ते बसलेलेच आहेत," शिवणबाई म्हणाल्या. "चला आता, मला भीती वाटायला लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. सर वर्गात आले, सवयीने चष्मा खिशात घातला आणि वाट बघू लागले. तपासणीला कुणी आलं नाही. नुसतं उभं राहून करायचं काय, म्हणून ते फळ्याकडे वळून शिकवू लागले. आवाज छान घुमत होता. रिकाम्या वर्गात घुमायचा तसा नव्हे, भरल्या वर्गात मुरतो तसा. सर खुलले!

आणि मध्येच त्यांना वास आला. गरम पावाचा.

त्यांनी वळून पाहिलं. धूसर डोकी, सगळी ताठ. फक्त मागच्या ओळीत एक डोकं बाकावर टेकलेलं होतं. सरांना नीट आठवत होतं की आपण कुणालाही मान खाली घालून बसवलेलं नाही. त्यांनी तास कसाबसा उरकला, धावत शिवण विभाग गाठला आणि पत्नीला ओढत घेऊन आले. त्या जागी कुणीच नव्हतं.

"मान सैल असेल," शिवणबाई म्हणाल्या. "पुतळा खाली घसरला असेल."

"मग पुतळा कुठे आहे?"

शिवणबाई बाकाखाली वाकल्या. तिथेही काही नव्हतं. सरांनी बाकावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. लाकूड ऊबदार होतं.

"अहो, तुम्हाला सुट्टीची गरज आहे," शिवणबाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता आणि त्यांनी सरांची बाही घट्ट धरली होती.

त्यानंतरची सकाळ याहून वाईट! धुकं खिडकीला टेकलेलं, वर्गात पावाचा वास आणि खाली टेकलेली डोकी वाढलेली. सर फळ्याकडे वळले की मागे काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, वळून पाहिलं की सगळं स्तब्ध. मग त्यांनी कान दिला आणि खडू हातातून गळाला. वर्ग श्वास घेत होता. एका लयीत, संथ, जड. मधूनच कुणीतरी बारीक कण्हल्यासारखं करायचं.

वळून पाहायचं धैर्य सरांना झालं नाही. चष्मा घालायचं तर मुळीच झालं नाही. गेलेली पोरं परत आली असतील, असा विचार त्यांच्या मनात आला आणि गंमत म्हणजे त्या विचाराने भीतीबरोबर थोडा आनंदही झाला. ते फळ्याकडे तोंड करूनच बोलत राहिले आणि घंटा होताच पुढच्या दारातून पळाले.

"उद्या मी जाणार नाही," त्यांनी घरी जाहीर केलं.

"आणि उद्याच तपासणी आली तर? पाववालीचं काय?"

सर उद्या गेले.

वर्गात पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं की घाबरायचं नाही, कामाला लागायचं. चष्मा खिशात घालून ते एकेका पुतळ्याचा मफलर नीट करत, मान सरळ करत मागे सरकत गेले. टेकलेल्या डोक्यांच्या वाटेला मात्र ते गेले नाहीत. जे आपण खाली केलं नाही ते आपण वरही करायचं नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे उरलं होतं! शेवटच्या बाकावर एक पुतळा बाजूला तोंड करून बसला होता. लांब कोट, गळ्याशी रुमाल, मांडीवर बॅग आणि हातात एक सुटा हात.

"हे बायकोचं काम!" सर पुटपुटले. "उरलेला हात कुठेही ठेवून देते!"

त्यांनी तो सुटा हात काढून घ्यायला ओढला. सुटेना. पुतळ्याने तो घट्ट धरला होता. सरांनी हिसडा देऊन सोडवला, पुढच्या पुतळ्याच्या बाहीत खुपसला आणि मग या कोटवाल्या पुतळ्याची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड फळ्याकडे वळवलं.

हनुवटी गरम होती. आणि थरथरत होती.

सर तसेच उभे राहिले. पुतळाही तसाच बसला होता. शेवटी ते पाठ न वळवता एकेक पाऊल मागे टाकत फळ्यापर्यंत पोचले. माणूस संकटात देवाचं नाव घेतो. सरांनी अनुदानाचं घेतलं.

"तर," ते फाटक्या आवाजात म्हणाले, "समजा, एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. फायदा कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर ते इतकी वर्षं स्वतःच देत आले होते. आजही त्यांनी त्यासाठी श्वास घेतला. पण त्याआधीच एका टेकलेल्या डोक्याखालून, स्वेटरच्या आतून, झोपेतल्यासारखा आवाज आला.

"तिने शिकवलेल्या पोरांना, सर. तिने बरं केलेल्या रोग्यांना. तिच्यामागून कॉलेजात येणाऱ्यांना. तिला सगळ्यात शेवटी."

आणि मग कोटवाला पुतळा किंचाळला!

अशी किंकाळी त्या इमारतीने कधी ऐकली नव्हती. कोट उभा राहिला, बाकाला अडखळला, पुढच्या पुतळ्यावर आदळला. तो त्याच्या पुढच्यावर. ओळीच्या ओळी कलंडल्या, हात उडाले, आणि एक डोकं घरंगळत सरांच्या बुटापाशी येऊन थांबलं, डोळे वर करून. या गलक्याने टेकलेली डोकीही एकदम वर झाली, त्यांनी आजूबाजूला पडलेली धडं पाहिली आणि तीही किंचाळायला लागली. सर तर केव्हापासून किंचाळत होते, पण त्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

आवाज ऐकून शिवणबाई धावत आल्या. त्यांनी दारातून एकवार सगळा वर्ग पाहिला. "अहो, आधी चष्मा घाला!" त्या ओरडल्या.

सरांनी चष्मा घातला. टेकलेली डोकी म्हणजे त्यांचेच विद्यार्थी होते, जिवंत, हाडामांसाचे, डोळे चोळत असलेले. मध्ये पाववाली होती, केसांत पीठ. आणि कोटवाल्या बाई भिंतीला टेकून धापा टाकत होत्या.

"मी तपासणी अधिकारी!" त्या म्हणाल्या. "मागच्या दाराने येऊन बसले. शेजारच्या मुलाला विचारलं, सर वेळेवर येतात का? तो बोलेना. वाटलं, घाबरत असेल. पुढच्या मुलीच्या दंडाला हात लावला तर दंडच हातात आला! मी तो धरून बसले होते. हलायची सोय नव्हती. आणि मग तुम्ही येऊन माझं तोंड फिरवलंत!"

सरांना कुठे तोंड लपवावं कळेना. "पण तू," ते पाववालीकडे वळले, "तू कशी आलीस?"

"मी पाव पोचवायला जाते ना, सर, तेव्हा रस्त्यावरून या वर्गाची खिडकी दिसते. रोज रिकामी असायची. परवा पहाटे बघितलं तर वर्ग गच्च! मला वाटलं, सगळ्यांनी कसंतरी जमवलं आणि मी एकटीच मागे राहिले. मालकाच्या हातापाया पडून त्या दिवशी लवकर सुटले आणि पाळीच बदलून घेतली. आता पहाटेऐवजी रात्रभर असते, आणि सुटले की थेट इकडे."

"मी हिला येताना बघितलं म्हणून आलो," तिच्यामागचा मुलगा म्हणाला. "मी याला बघून," आणखी एकजण म्हणाला. "तास झाला की मागच्या दाराने पुढच्या कामाला."

"आणि तुमच्या शेजारी हे..." शिवणबाईंनी पुतळ्यांकडे बोट केलं, "हे कुणाला कळलं नाही?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. "शेजारी बोलत नव्हता," पाववाली म्हणाली. "मला वाटलं, तोही आमच्यासारखाच दमलेला असेल."

तपासणीच्या बाईंनी रुमालाने डोळे पुसले आणि बॅगेतून कागद काढला. "पुतळ्यांचं मी लिहिणार नाही. माझ्या हनुवटीचं तुम्ही कुठे बोलायचं नाही. मी एवढंच लिहिते, की मुलं रात्रभर काम करून येतात आणि बसल्या जागी झोपतात, यांची फी कमी केली पाहिजे."

झालं होतं! कॉलेज वाचलं होतं, पाववाली वाचली होती! सरांनी फक्त हात जोडायचे होते. पण त्यांच्या कानात एकच शब्द अडकला.

"झोपतात? माझ्या तासाला? मॅडम, असं सरकारी कागदावर लिहू नका हो! मी इतकी वर्षं शिकवतोय!" त्यांनी पाववालीकडे बोट दाखवलं, आवाज चढला. "हिने झोपेतसुद्धा उत्तर दिलं, ऐकलंत ना तुम्ही? वर्ग भरगच्च आहे असं लिहा! माझी पोरं वाट्टेल ते सोसतील, पण शिकायला येतीलच येतील, असं लिहा!"

"अहो," शिवणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "अहो, पुरे."

पण सर एकदा सुरू झाले की थांबत नसत. तपासणीच्या बाईंना अजून धड उभं राहवत नव्हतं, वाद कुठून घालणार? त्यांनी आधीची ओळ खोडली आणि सरांनी सांगितलं तसंच्या तसं लिहून टाकलं. पुतळे त्याच दिवशी कपाटात परत गेले.

उत्तर लवकरच आलं. प्राचार्यांनी सरांना बोलावून स्वतः वाचून दाखवलं. "वर्ग भरगच्च आढळला. विद्यार्थी वाट्टेल ते सोसतील, पण येतील, असे प्राध्यापकांनी स्वतः सांगितले." त्याखाली वरच्या कुणाचा तरी शेरा होता. "सबब, फीवाढही सोसतील. अनुदानाची गरज दिसत नाही."

सर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. घरी शिवणबाईंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. चहा मात्र नुसत्या कपात दिला. धड बशी घरात उरलीच कुठे होती!

नवी फी लागू झाली त्या सकाळीही धुकं होतं. सर जड पावलांनी व्हरांड्यातून निघाले. वर्ग ओस असणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दाराबाहेरच चष्मा काढला. आत पाऊल टाकलं आणि त्यांचं काळीज लक्कन हललं. गरम पावाचा वास येत होता. ओळीच्या ओळी भरलेल्या होत्या, सगळी डोकी बाकांवर टेकलेली.

"आलात!" सर जवळजवळ ओरडलेच. "मी म्हटलंच होतं!"

त्या दिवशी त्यांनी शिकवलं तसं कधी शिकवलं नव्हतं. वडिलांच्या इस्त्रीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "झोपा," ते म्हणाले, "खुशाल झोपा. मी पुन्हा सांगेन." शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला, फायदा कुणाला? आणि उत्तराची वाट पाहू लागले.

उत्तर आलं नाही. सरांनी कान दिला. वर्ग श्वास घेत नव्हता.

त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला आणि ते पाववालीच्या बाकापाशी गेले. स्वेटर तिचाच होता, बाहीला पीठ लागलेलं, वास त्यालाच येत होता. सरांनी हनुवटीला हात लावून तोंड वर केलं. हनुवटी गार होती. रंगवलेले डोळे सरांकडे बघत होते. शेजारच्याचेही, त्याच्या शेजारच्याचेही. वाढलेल्या फीसाठी पोरं दुसऱ्या पाळीलाही लागली होती आणि जाताना आपापली जागा भरून गेली होती, म्हणजे सरांना रिकामे बाक दिसू नयेत.

"विभागाचं कपाट उघडं दिसलं म्हणून आले," दारातून शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी एका पुतळ्याची मान हलवून पाहिली. "अगंबाई! डोकी इतकी घट्ट बसलीत की! कशी बसवलीत?"

"मी नाही बसवली, पोरांनी बसवली," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा खिशात टाकला. "माझ्याकडून एवढं मात्र अगदी पक्कं शिकली बघ!"